अर्थिंगची पिन काढल्याने फझ पेडलचा हम जात नाही

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात आपले पहिले फझ पेडल, म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम खरखरीत करणारी पायाने चालवायची पेटी, स्वतःच्या हाताने जोडले. दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, 9 व्होल्टची बॅटरी, धातूची पेटी आणि फूटस्विच एवढाच पसारा होता. सूर हवा तसा लागला, पण त्यामागे जाड हम, म्हणजे विजेची सतत घुमणारी गुणगुण, येत होता आणि आवाज पूर्ण वाढवला की शिट्टी वाजत होती. नेमका त्याच वेळी, घरी बनवलेल्या फझ पेडलचा नको असलेला आवाज दहा मिनिटांत बंद करण्याचे उपाय सांगणारा आणि सध्या बराच फिरत असलेला एक संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला. त्यात पाच उपाय आहेत: अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) प्लगमधील अर्थिंगची पिन काढा किंवा तिच्यावर टेप गुंडाळा, पेडलमधील प्रत्येक ग्राउंड (सर्किटचे शून्य व्होल्टचे सामाईक टोक) जाड तारेने पेटीला जागोजागी जोडा, सगळे रेझिस्टर बदलून मेटल फिल्मचे घाला, जास्त गेनचे (सिग्नल अधिक पटीने वाढवणारे) ट्रान्झिस्टर लावा, आणि पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर टाका. “मामा, पिनवर टेप लावली, तरी हम जात नाही, आता काय करू?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला आधी अ‍ॅम्प बंद करायला लावला. हा प्रतिवाद त्यानंतर लिहीत आहे.

पहिला उपाय सर्वांत घातक आहे, आणि भाच्याच्या जोडणीत तो निरर्थकही आहे. अर्थिंग तोडल्यावर हम जातो ही गोष्ट काही प्रसंगी खरी असते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. अर्थिंग असलेली दोन उपकरणे, उदाहरणार्थ दोन अ‍ॅम्प, किंवा अ‍ॅम्प आणि मिक्सर, सिग्नलच्या केबलनेही एकमेकांना जोडली गेली, तर केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचे धातूचे वेष्टन) आणि अर्थिंगच्या तारा मिळून एक वेटोळे तयार होते, त्यात 50 किंवा 60 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तोच कानावर येतो. परंतु गिटार, बॅटरीवरचे पेडल आणि एकच अ‍ॅम्प एवढीच साखळी असेल, तर अर्थिंग एकाच ठिकाणी असते. मग वेटोळे कोठून येणार? जे नाही ते तोडण्यासाठी हा संदेश मुलांना प्लगशी खेळायला सांगतो. उलट अर्थिंग तुटल्यावर अ‍ॅम्पचा सांगाडा ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणाऱ्या विजेमुळे अधांतरी विभवावर (कशालाही न बांधलेल्या विद्युतदाबावर) राहतो आणि हम बहुधा वाढतो.

“पेडल तर 9 व्होल्टचे आहे, त्यात कसला धोका?” असेही त्या संदेशात लिहिले आहे. पेडल 9 व्होल्टचे आहे हे खरे, पण गिटारच्या तारा ब्रिजमार्गे (तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीतून) ग्राउंडला जोडलेल्या असतात, ते ग्राउंड केबलच्या जाळीतून पेडलच्या पेटीला आणि तिथून अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जाते, आणि त्या सांगाड्यात घरच्या विजेची तार येते. अ‍ॅम्पमध्ये एखादी तार सुटून सांगाड्याला लागली, तर अर्थिंग शाबूत असताना मोठा प्रवाह वाहून फ्यूज जातो. पिन काढलेली असेल तर फ्यूज जात नाही आणि सांगाड्यापासून गिटारच्या तारांपर्यंत सगळे जिवंत होते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचे 60479 हे मानक मानवी शरीरावर होणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या परिणामांविषयी आहे. प्रौढ पुरुषाला हातात धरलेली वस्तू सोडता येईल अशी प्रवाहाची मर्यादा त्यात सुमारे 10 मिलिअँपिअर धरली आहे, आणि सर्वांचा विचार करता ती 5 मिलिअँपिअरवर येते. शरीराचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला, तर 120 व्होल्टला 120 आणि 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. डाव्या हातात गिटारच्या तारा असताना दुसरा हात अर्थ केलेल्या मायक्रोफोनला लागला, तर हा प्रवाह छातीतून जातो. ही भीती कल्पनेतली नाही. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी स्वान्सी येथे रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावले. तिथे गिटार हाती असताना सदोष अर्थिंगच्या मायक्रोफोनला स्पर्श झाला होता. दोन अ‍ॅम्पच्या खऱ्या वेटोळ्यावरही उपाय सिग्नलच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंत तारेची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे नेणारा) घालणे हाच आहे. प्लगला त्यासाठी हात लावण्याचे काहीच कारण नाही.

आता उरलेल्या उपायांकडे वळू. ग्राउंडच्या जाड तारा जागोजागी लावल्याने लहान पेटीत फारसे बिघडत नाही आणि फारसे सुधारतही नाही. पेटी खरोखर ग्राउंडला लागली आहे का, एवढेच पाहायचे असते. रंग चढवलेल्या पेटीत जॅकचा नट घट्ट बसला तरी खालचा रंग विजेला अडवतो, म्हणून मल्टिमीटरने जॅकची (केबल खुपसायच्या खाचेची) बाहेरची कडी आणि पेटीचा उघडा धातू यांतला रोध मोजावा. तो एक ओहमच्या आत नसेल, तर पेटी ढाल बनण्याऐवजी हम गोळा करणारा पत्रा बनते.

मेटल फिल्म रेझिस्टरच्या मुद्द्यात थोडे सत्य आहे. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरमधून स्थिर प्रवाह वाहताना अतिरिक्त सुसकारा निर्माण होतो, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरचा (वाढवलेला सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकाचा) रेझिस्टर बदलल्याने तो कमी होऊ शकतो. परंतु 1928 साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलेला उष्णतेचा मूळ सुसकारा रोधाच्या मूल्यावर आणि तापमानावर ठरतो; रेझिस्टर कशाचा बनवला आहे यावर तो ठरत नाही. 100 किलोओहमचा रेझिस्टर श्राव्य पट्ट्यात सुमारे 6 मायक्रोव्होल्ट सुसकारा देतोच, मग तो कोणत्याही जातीचा असो. आणि मुख्य म्हणजे सुसकारा वेगळा आणि हम वेगळा. हमसाठी रेझिस्टर बदलणे म्हणजे पाय दुखतो म्हणून डोक्याला पट्टी बांधणे होय.

जास्त गेनचा ट्रान्झिस्टर हा तर सरळ उलटा सल्ला आहे. फझ मुळातच क्षीण आवाज उचलून वर आणते, म्हणून गेन वाढवला की गिटारमधला हमही सुरांइतकाच वर येतो. शिवाय जर्मेनियमच्या बाबतीत स्वस्त मल्टिमीटर गळतीच्या प्रवाहालाही (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणाऱ्या प्रवाहालाही) गेन समजतो, त्यामुळे ‘जास्त गेनचा’ म्हणून निवडलेला नग बहुधा गळका आणि सुसकारे सोडणारा निघतो. ही गळती दर 10 अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते, म्हणून आधी गळती मोजावी आणि नंतर गेन. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मे, म्हणजे 4.5 व्होल्टच्या आसपास दाब आहे ना, हेही तपासावे.

मोठा कपॅसिटर अ‍ॅडॉप्टरवर उपयोगी पडतो, पण एकटा नाही. त्याच्याआधी 100 ओहमचा रेझिस्टर घालून 100 मायक्रोफॅरड लावला, तर गाळणीची सीमा 16 हर्ट्झवर येते आणि 100 हर्ट्झची लहर (अ‍ॅडॉप्टरच्या दाबातला चढउतार) सहापटीहून थोडी अधिक घटते. भाच्याचे पेडल बॅटरीवर चालते. बॅटरीत लहर नाही, मग गाळणार काय?

खरी तपासणी या क्रमाने होते. पेडल अ‍ॅडॉप्टरवर चालत असेल तर आधी बॅटरी लावावी, हम गेला तर दोष पुरवठ्यात आहे. मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा, हम गेला तर तो पिकअपमधून (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय वेटोळ्यातून) येतो, आणि सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप असेल तर दिशा बदलून उभे राहिल्यावर तो कमीजास्त होताना ऐकू येईल. तरीही हम राहिला, तर पेडलच्या इनपुटचे टोक ग्राउंडला जोडून पाहावे. त्याने आवाज थांबला तर केबलची जाळी किंवा इनपुट जॅकची जोडणी सैल आहे. त्यानेही थांबला नाही, तर पेटी उघडावी.

भाच्याच्या पेडलात दोन्ही दोष पेटीतच सापडले. पेटीच्या आतला रंग जॅकभोवती खरवडल्यावर हम जवळपास गेला. शिट्टीचे कारण फूटस्विचकडे जाणाऱ्या तारांत होते. दोन ट्रान्झिस्टर सिग्नल दोनदा उलटा करतात, त्यामुळे आउटपुट इनपुटच्या कलेत (फेजमध्ये) राहते, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चढतात-उतरतात, आणि इनपुट व आउटपुटच्या तारा एकमेकींना बिलगून नेल्या तर आउटपुट पुन्हा इनपुटमध्ये शिरून ओरडू लागते. इनपुटची तार शील्डेड (जाळीने वेढलेली) घेऊन पेटीच्या दुसऱ्या कडेने नेल्यावर शिट्टी थांबली. सिंगल कॉइल पिकअपचा थोडा हम उरला आहे, तो गिटारचा आहे. प्लगवरची टेप मी त्याच्याकडून त्याच दिवशी काढून घेतली आहे.