एकच आकडा तर दाखवायचाय!

'डिस्क किती भरली' हे दाखवायचं काम तुमच्याकडे आलंय म्हणता? अभिनंदन. मीटिंगमध्ये बिनधास्त सांगा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे चालेल, असंही त्याच दमात सांगून टाका. 'भरली म्हणजे नेमकं काय मोजायचं?' असं कोणी विचारलंच, तर तो विषय पुढच्या स्प्रिंटला ढकला. इतक्या वरिष्ठ माणसांनी इतके खालचे प्रश्न विचारू नयेत.

सुरुवात अर्थातच डीएफपासून, म्हणजे डिस्कची जागा सांगणाऱ्या कमांडपासून करा. प्रोग्राममधून ती चालवायची, आलेला मजकूर स्पेसवर तोडायचा आणि हवा तो कॉलम उचलायचा. लिनक्सवर सहावा कॉलम म्हणजे माउंटचा पत्ता, डिस्क कोणत्या फोल्डरवर जोडली आहे तो. मॅकवर मध्ये इनोडचे (फाइलींच्या नोंदींचे) तीन कॉलम घुसतात आणि तो नवव्यावर जातो, पण तेवढ्यासाठी एक 'इफ' पुरे. मॅकच्या यादीत 'मॅप ऑटो_होम' नावाची ओळ असते. तिच्या पहिल्याच कॉलमात स्पेस आहे, म्हणून पुढचं सगळं एक घर सरकतं. तिला दुसरा 'इफ' लावा. बाहेरच्या ड्राइव्हच्या नावात स्पेस असेल, तर दोष ग्राहकाचा. कंटेनरांत वापरल्या जाणाऱ्या अल्पाइन लिनक्सवरचा डीएफ (बिझीबॉक्स या कमांडसंचातला) डिव्हाइसचं नाव लांब असलं की ओळ मोडून आकडे खालच्या ओळीत टाकतो. तिथे 'कंटेनरमध्ये कोण डिस्क बघतं' हे उत्तर तयार ठेवा.

एककांची चिंता नको. काहीच पर्याय दिला नाही, तर लिनक्सचा डीएफ १०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजतो, मॅकचा ५१२ च्या. फार तर एकीकडे दुप्पट दिसेल. त्याऐवजी वाचायला सोपा 'छोटा एच' हा पर्याय वापरलात, तर जर्मनीतल्या मशीनवर '१.८' (टीबी) ऐवजी '१,८' येईल, तुमचा पार्सर (मजकूर तोडून वाचणारा कोड) स्वल्पविरामाला थांबेल आणि आठशे जीबी हवेत विरतील. भाषा 'सी' या तटस्थ सेटिंगवर बांधून 'के' (१०२४ चे ब्लॉक) आणि 'पी' (सगळीकडे सारखे कॉलम) हे दोन पर्याय एकत्र दिले, तर यातली निम्मी दुखणी जातात. पण मग पुढच्या रिलीजमध्ये 'सुधारणा' म्हणून काय लिहाल?

कोणीतरी शहाणा सुचवेल की कमांड सोडा, थेट सिस्टिम कॉल वापरा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारा. ऐका त्याचं. स्टॅटव्हीएफएस हा कॉल घ्या, त्यातले एकूण ब्लॉक घ्या आणि 'एफ_बीसाइझ'ने गुणा. नावातच 'ब्लॉक साइझ' आहे, आणखी काय पुरावा हवा? लिनक्सच्या साध्या डिस्कवर 'एफ_बीसाइझ' आणि शेजारचा रकाना 'एफ_एफआरसाइझ' दोन्ही बहुधा ४०९६ असतात, त्यामुळे टेस्ट हिरव्या. मॅकवर पहिला १०,४८,५७६ असतो आणि दुसरा ४०९६. गुणायचं असतं दुसऱ्याने, हे तेव्हा कळतं जेव्हा ५०० जीबीचा लॅपटॉप १२८ टीबीचा होतो. ग्राहक तक्रार करण्याआधी थोडा वेळ खूश राहील, तो वेळ वापरा. मॅकवर या कॉलमधला ब्लॉकचा आकडा ३२ बिटांचाच आहे, तेव्हा ४ केबीच्या ब्लॉकने १६ टेबीबाइटच्या (१०२४ च्या हिशोबातल्या टीबीच्या) पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तिथला स्टॅटएफएस हा दुसरा कॉल ६४ बिटांचा आहे, पण त्यासाठी वेगळी फाइल लिहावी लागते.

मोकळी जागा सांगणारे रकाने दोन: 'बीफ्री' (सगळी मोकळी) आणि 'बीअवेल' (साध्या वापरकर्त्याला मिळू शकणारी). नाणं उडवा. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य ॲडमिनसाठी) राखून ठेवते, १ टीबीवर ५० जीबी. 'बीफ्री' दाखवलात तर वापरकर्त्याला ५० जीबी मोकळे दिसतात आणि एक फाइल सेव्ह होत नाही. डीएफ स्वतः टक्केवारी काढताना वापरलेलं भागिले (वापरलेलं अधिक 'बीअवेल') असं करतो आणि वरच्या पूर्णांकाला नेतो. तुम्ही एकूणने भागा, म्हणजे तुमचा आकडा डीएफशी कधीच जुळणार नाही आणि स्वतंत्र बाणा दिसेल. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्टॅटएफएसमध्ये 'बीअवेल' चिन्हासह असतो. रूटने राखीव जागेत हात घातला की तो ऋण होतो. तो बिनचिन्हाच्या ६४ बिटांत ओतलात की गच्च भरलेल्या डिस्कवर सुमारे १८ एक्साबाइट मोकळे दिसतात.

आता मॅककडे जरा निवांत बसू, कारण इथे बरोबर आकडासुद्धा चुकीचा ठरवता येतो. मॅकच्या एपीएफएस फाइलसिस्टिममध्ये एका कंटेनरमध्ये (डिस्कच्या एका भागात; मघाचा कंटेनर वेगळा) अनेक व्हॉल्यूम राहतात आणि मोकळी जागा सगळ्यांची सामाईक. सातबाऱ्यावरची सामाईक जमीन प्रत्येक भावाने बँकेत आपली म्हणून दाखवावी, तसा प्रत्येक व्हॉल्यूम तीच जागा आपली म्हणून सांगतो. तुम्ही सगळ्यांची बेरीज करा. मॅकओएस कॅटलिनापासून सिस्टिम आणि डेटा हे दोन वेगळे व्हॉल्यूम फर्मलिंकने (एका व्हॉल्यूममधून दुसऱ्यात नेणाऱ्या जोडणीने) जोडलेले असतात, म्हणून मुळापासून फोल्डर मोजत निघालात तर 'यूजर्स' एकदा वरून आणि एकदा '/सिस्टिम/व्हॉल्यूम्स/डेटा'खालून मोजलं जाईल. त्यात फाइंडर (मॅकचा फाइली दाखवणारा प्रोग्राम) वेळ पडल्यास पुसता येईल अशी जागाही मोकळ्यात धरतो, टाइम मशीन या बॅकअपच्या स्थानिक स्नॅपशॉटसकट. डीएफ धरत नाही. दोघांत दहावीस जीबींचा फरक आला, तर बग तुमच्या नावावर येणार. 'महत्त्वाच्या कामासाठी उपलब्ध जागा' विचारणारी वेगळी 'की' (विचारणा करायचं नाव) ॲपलने दिली आहे. ती न वाचलेली बरी, नाहीतर भरली म्हणजे काय, हा ढकललेला प्रश्न परत येतो.

विंडोजवर स्टॅटव्हीएफएस नाही. तिथला गेटडिस्कफ्रीस्पेसईएक्स हा कॉल तीन आकडे देतो: तुम्हाला मिळू शकणारे मोकळे बाइट, एकूण, आणि खरोखर मोकळे. कोटा (प्रत्येकाला ठरवून दिलेली जागा) लावलेला असेल तर पहिले दोन त्या वापरकर्त्यापुरते असतात. म्हणजे एकूणमधून तिसरा वजा करायला गेलात, तर वापर ऋण येऊ शकतो. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरचा पत्ता देताना शेवटची उलटी तिरकी रेघ विसरा. चूक शोधायला नवीन माणूस लागेल आणि त्याचं शिक्षण होईल.

फोल्डरची साइझ काढायची असेल तर सरळ आत शिरत जा. विंडोजवर ॲपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचं जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी पाटी) त्याच फोल्डरकडे बोट दाखवतं. यादी वाचायला मनाई असल्याने एरवी काही होत नाही, पण बॅकअपचा अधिकार घेऊन चालवलात की पत्त्याची लांबी संपेपर्यंत फिरत राहाल. मग चिडून सगळे रीपार्स पॉइंट (जंक्शनसारख्या खास खुणेच्या नोंदी) वगळा. वनड्राइव्हचे फोल्डरही रीपार्स पॉइंट असू शकतात, ते शून्यावर येतील. खुणेचा टॅग तपासून फक्त जंक्शन आणि सिमलिंक (तशीच दुसरी पाटी) वगळण्याचं काम दहा ओळींचं आहे, म्हणून ते कोणी करत नाही. विंडोजचं विनएसएक्सएस फोल्डर हार्ड लिंकांनी (एकाच फाइलच्या अनेक नावांनी) भरलेलं आहे, ते दोनदा मोजा.

लिनक्सवर फाइलची लांबी आणि तिने घेतलेली जागा एकच समजा. मुळापासून बेरीज केलीत की प्रॉक या आभासी फोल्डरमधली केकोर ही फाइल एकटीच १२८ टीबी भरेल. खरी जागा म्हणजे फाइलच्या माहितीतला 'एसटी_ब्लॉक्स' हा रकाना गुणिले ५१२. शेजारच्या 'एसटी_बीएलकेसाइझ'ने गुणायचं नसतं, पण तो शेजारी आहे म्हणून गुणा.

एककाचं नाव सगळीकडे 'जीबी'च ठेवा. मॅक २००९ पासून हजाराने भागतो, विंडोज १०२४ ने भागून लेबल तेच लावतो, म्हणून ५०० ची डिस्क तिथे ४६५ ची होते. उरलेले ३५ कुठे गेले, हे विचारायला लोक तुमच्याकडेच येतील. संपर्क वाढतो.

'९० टक्क्यांवर लाल' हा इशारा घालायला विसरू नका. उबुंटू लिनक्सवरचं प्रत्येक स्नॅप (ॲपचं पॅकेज) ही केवळ वाचता येणारी स्क्वॅशएफएस फाइलसिस्टिम असते, जन्मापासून १०० टक्के भरलेली. पहिल्याच दिवशी पंधरा लाल पट्ट्या. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम इनोडची एकूण संख्या शून्य सांगते, तिच्याने भाग द्या. आणि हा जागा विचारणारा कॉल मुख्य थ्रेडवरच (प्रोग्रामच्या मुख्य धाग्यावरच) करा. एनएफएसचा (नेटवर्कवरच्या डिस्कचा) सर्व्हर गेलेला असला की तो परतच येत नाही. टाइमआउट लावलात तरी थ्रेड अडकलेलाच. वेगळी प्रोसेस करून तिला मारावं लागतं.

उरली टेस्ट. १० एमबीची फाइल लिहा, आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघा. फाइल शून्यांनी भरा, म्हणजे कॉम्प्रेशन चालू असलेल्या झेडएफएस फाइलसिस्टिमवर ती जागाच घेणार नाही. रँडम बाइट भरलेत तरी लिहिल्या-लिहिल्या विचारलं तर तिथे जागा दिसत नाही, कारण ट्रान्झॅक्शन गट (साठवून एकदम लिहायचे बदल) डिस्कवर जायला ५ सेकंदांपर्यंत लागतात. तिथे 'स्लीप ५' टाका. सीआयवर (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) दुसरा जॉब त्याच डिस्कवर लिहीत असेल, तर 'स्लीप ३०' करा. तरीही लाल दिसली, तर टेस्टवर 'स्किप' लिहा, कारणाच्या जागी 'फ्लेकी' (कधी पास, कधी नापास), आणि पुल रिक्वेस्ट शुक्रवारी संध्याकाळी मर्ज करा.