‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : हेझल बोटीवर का आली

महोदय,

मी ताईबरोबर केलेल्या बहामाच्या क्रूझबद्दल गेल्या लेखात लिहिले होते. ताई न्यू जर्सीला राहते, तिला दिसत नाही, आणि तिची मार्गदर्शक कुत्री हेझल या प्रवासात आमच्याबरोबर होती, एवढे मूळ लेख न वाचलेल्यांसाठी सांगून ठेवते. त्यावर तुमची जी लांबलचक प्रतिक्रिया आली तिचा गोषवारा असा : कुत्र्याला बोटीवर नेणे ही पैसेवाल्यांची हौस आहे, जेवणाच्या दालनात कुत्रा बसवायचा तर बाकीच्यांनी पैसे कशाचे मोजले, ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी आहे त्यांनी काय करायचे, असे लेख वाचून उद्या जो तो आपला पामेरियन मदतनीस कुत्रा म्हणून घेऊन येईल, लेखात खर्चाचा आकडा मुद्दाम लपवला आहे, आणि, तुमच्याच शब्दांत, ‘अहो बाई, बहिणीचा हात धरायला तुम्ही होतातच की, मग त्या मुक्या जनावराची फरफट कशाला?’

आधी ‘अहो बाई’चे पाहू. आयुष्यभर पार्ल्याच्या शाळेत शिकवल्यामुळे बाई म्हणवून घेण्याची मला सवय आहे आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थी ज्या स्वरात बाई म्हणतात तो स्वर वेगळा आणि तुमचा वेगळा, हे इतकी वर्षे वर्गासमोर उभे राहिलेल्या माणसाला चांगले कळते. मतभेद असू शकतो. मात्र तो मांडताना समोरच्याला खुळ्यात काढलेच पाहिजे असा काही दंडक नाही. माझ्या नावासकट, माझ्या गावासकट मी लिहिते. तुम्ही टोपणनावाच्या आडून लिहिता आणि त्या टोपणनावातच स्वतःला स्पष्टवक्तेपणाचे प्रशस्तिपत्रक देऊन टाकता, याची गंमत वाटल्याशिवाय राहिली नाही.

खर्चाबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. लेखात तो लिहायला हवा होता. लिहिला असता तर तुमच्या ‘पैसेवाल्यां’चीही वासलात लागली असती. हेझलसाठी बोटीने वेगळे भाडे घेतले नाही, कारण अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार अशा कुत्र्यासाठी जादा आकार घेता येत नाही. आता तुम्ही म्हणाल की या बोटींवर झेंडा बहामाचा किंवा पनामाचा असतो, त्यांना अमेरिकेच्या कायद्याचे काय? हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि अमेरिकेच्या पाण्यात येणाऱ्या परदेशी झेंड्याच्या प्रवासी बोटींनाही तो कायदा लागू होतो, असा निकाल २००५ मध्ये लागला. म्हणजे आम्ही ना वशिला लावला, ना कुणाच्या हातावर पैसे ठेवले. ताई जिथे शिकली त्या मॉरिसटाउनच्या ‘द सीइंग आय’ या मार्गदर्शक कुत्री देणाऱ्या संस्थेत पहिल्या कुत्र्यासाठी विद्यार्थ्याकडून १५० डॉलर घेतात आणि पुढच्या प्रत्येकासाठी ५०. बाकीचा भार देणग्यांवर चालतो. आमच्या खोलीचे भाडे आम्ही दोघींनी निम्मे निम्मे भरले आणि त्यात माझा वाटा निवृत्तिवेतनातून गेला. माझ्या श्रीमंतीचा हिशेब यापुढे तुम्हाला देण्याची गरज मला वाटत नाही.

आता तो हात.

तुमच्या साऱ्या मजकुरात मला खरोखर लागलेले वाक्य हेच आहे, कारण मी तो हात धरलेला आहे. ताईला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. त्यात आधी अंधारातले दिसेनासे होते, मग कडेचे, आणि नळीतून पाहावे तशी नजर आकसत जाते. कॉलेजात असताना दिवेलागणीनंतर ती मला बिलगून चालू लागली, आणि दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या सहाच्या लोंढ्यात, जिन्याची पायरी आली की मी ‘उतार’ म्हणायचे नि पुढे माणूस थांबला की तिच्या मनगटावर दाबायचे, हे आमचे ठरून गेले होते. लग्न होऊन ती अमेरिकेला जाईपर्यंत हे काम मी केले आहे. त्यामुळे हात धरणे म्हणजे काय, हे मला शिकवायला येण्याआधी आपण कोणाचा हात किती दिवस धरला आहे, एवढे तरी स्वतःला विचारून पाहावे.

आणि मुळात हात धरायचाच नसतो. न दिसणारा माणूस सोबत्याचा कोपर धरतो आणि अर्धे पाऊल मागे राहून चालतो. सोबत्याने त्याला दंडाला धरून ढकलत नेणे हा आपल्याकडे सर्रास चालणारा, चांगल्या हेतूने केलेला आडमुठेपणा आहे. पण ते जाऊ द्या. समजा, मी कोपर देते. ताई दर एक-दोन वर्षांनी मुंबईला येते तेव्हा देतेच. तेव्हा ती हेझलला आणत नाही, कारण कुत्र्यांच्या रेबीजच्या दृष्टीने अमेरिकेने भारताला जास्त धोक्याच्या देशांत ठेवले आहे, परतताना कागदपत्रांचा खटाटोप मोठा असतो, आणि आमच्या गल्लीतले भटके कुत्रे नि तुटका पदपथ यांच्यात मार्गदर्शक कुत्रीला काम करणे जवळजवळ अशक्य आहे. मग काय होते, तेही ऐका. ताई माझ्या कोपराला धरून पार्ल्याच्या बाजारात येते. मी थांबले की थांबते, मला घाई असली की तिलाही घाई असते. भाजीवाला तिच्यासमोर उभा राहून मला विचारतो, ‘यांना काय पाहिजे?’ पंधरवडा उलटला की ‘येतेस का?’ या प्रश्नाला तिचे उत्तर ‘नको, राहू दे’ असे येऊ लागते. तिला यायचे नसते म्हणून ती तसे म्हणत नाही. मला किती वेळा उठवायचे याचा ती हिशेब करत असते.

बोटीवर एकदा पहाटे मला जाग आली तर ताई खोलीत नव्हती आणि खुंटीवरचा हेझलचा पट्टा-दांडाही नव्हता. मी घाबरून वर गेले. अकराव्या मजल्यावरच्या डेकवर ती कठड्याला टेकून, कोणा कॅनडाच्या बाईंशी गप्पा मारत कॉफी पीत उभी होती. एकसारखी दारे असलेला तो न संपणारा बोळ, मग लिफ्ट, मग उघड्या डेकवर जाणारे दार, हे सगळे तिने आणि हेझलने मला न उठवता पार केले होते. त्या दाराला बोटीवर असतो तसा वितभर उंच लोखंडी उंबरठा आहे आणि डोळे शाबूत असून मी त्याला दोनदा ठेचकाळले आहे. हेझल तिथे थांबते. ताई पायाच्या चवड्याने उंबरठा चाचपते, ‘चल’ म्हणते, तेव्हाच ती पाऊल टाकते. आणि पुढे खड्डा किंवा धोका असेल तर ‘चल’ म्हटले तरी ती हलत नाही, कारण चुकीचा हुकूम मोडण्याचेही शिक्षण तिला दिलेले असते. माझे तसे नाही. ताई ‘चल’ म्हणाली की मी चालू लागते आणि बोलण्याच्या नादात तिला खांबावर नेऊन आदळवते. हे घडलेले आहे.

‘हात धरायला तुम्ही होतातच’ याला आणखी एक जुना दाखला देते. अमेरिकेत मार्गदर्शक कुत्र्यांची सुरुवात ज्याच्यामुळे झाली तो मॉरिस फ्रँक हा अंध तरुण १९२८ मध्ये शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला निघाला, तेव्हा त्याला एका वाहतूक कंपनीच्या ताब्यात, अक्षरशः पार्सल म्हणून देण्यात आले होते. सोबत होती, देखरेख होती, धरायला हात होते. परतताना बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन तो बोटीनेच न्यूयॉर्कला उतरला आणि बातमीदारांच्या देखत तिच्या भरवशावर तिथला गजबजलेला रस्ता ओलांडून गेला. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. या परंपरेतला पहिला कुत्रा अमेरिकेत आला तोच मुळी बोटीने, महोदय. हौसेने आला, असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

राहिली फरफट. तुम्ही शब्द असा वापरला आहे की जणू आम्ही हेझलला साखळीने फरशीवरून ओढत नेले. तिच्यासाठी बोटीने चार फूट बाय चार फुटांची लाकडी पेटी ठेवली होती, तीत लाकडाचा भुसा. गवताची सवय असलेले कुत्रे भुशाकडे ढुंकून पाहत नाहीत, म्हणून ताईने निघण्याच्या पुष्कळ आधीपासून घरामागे तसाच भुसा पसरून सवय लावली होती. तिथे नेल्यावर आधी हार्नेस (तोच अंगावरचा पट्टा-दांडा) उतरवायचा, म्हणजे आता काम नाही, हे कुत्रीला कळते. मग ताई तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहते. पाठ उतरती झाली की लघवी, कमानीसारखी वर आली की दुसरे. तशी कमान लागली की पायाने जागा धरून ठेवायची आणि मागाहून पिशवी हातात चढवून सगळे उचलायचे. डोळ्यांना काही दिसत नसताना ही बाई आपल्या कुत्रीची घाण स्वतः उचलते. आमच्या इमारतीखाली सकाळी कुत्री फिरवणाऱ्या डोळस सद्गृहस्थांना हे अजून जमलेले नाही, आणि तुमच्या इमारतीखालचे काही वेगळे असतील असे मला वाटत नाही.

बोट हेझलला खाऊ घालत नव्हती, सांभाळत नव्हती. तसे करण्याची तिच्यावर सक्तीही नाही. खाणे आम्ही घरून मोजून नेले होते. तिला खोलीत एकटी सोडता येत नसे. जेवताना ती टेबलाखाली पडून राहायची आणि शेजारच्या टेबलावरच्यांना ती तिथे आहे हे बहुधा आम्ही उठल्यावरच कळायचे. पोहण्याच्या तलावात तिला मनाई होती आणि ती योग्यच होती. बहामात तिला उतरवायचे म्हणून तिथला आयात परवाना आधी काढावा लागला, पशुवैद्याचा दाखला लागला, आणि अमेरिकेत परत येताना १ ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक कुत्र्यासाठी लागणारा अर्ज भरावा लागला. परवाना नसेल तर कुत्र्याला बोटीवरच राहावे लागते. हे सारे ताईने एकटीने, बोलणाऱ्या संगणकावर केले; मी फक्त सही कुठे करायची तिथे बोट ठेवले.

ॲलर्जीचे म्हणाल तर बोट मोठी असते आणि विनंती केली की टेबल बदलून मिळते. पामेरियनबद्दल एवढेच सांगते की ज्याला लबाडी करायची आहे तो माझ्या लेखाची वाट पाहत बसलेला नसतो, आणि केवळ मालकाला धीर देणाऱ्या कुत्र्यांना या बोटी मदतनीस कुत्रा मानत नाहीत. बाकीच्या बारीकसारीक मुद्द्यांत शिरण्यासारखे मला काही दिसले नाही.

खर्चाचा तक्ता मी मूळ लेखाच्या शेवटी जोडत आहे. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, अपवाद तिच्यातल्या शेवटच्या वाक्याचा. ताईच्या नवऱ्याने तिच्याबरोबर का जाऊ नये, याविषयीचे तुमचे अनुमान मी काढून टाकले आहे आणि पुन्हा लिहिलेत तर पुन्हा काढून टाकीन.