शब्दभिंत: एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार.

शब्दभिंतीबद्दल, म्हणजे वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या शब्दांच्या कार्डांबद्दल, तुमचं म्हणणं असं, की वर्गात असे शब्द टांगले की मुलं डोकं चालवत नाहीत, नुसतं उतरवतात. सगळ्यांचे निबंध एका छापाचे होतात. शुद्धलेखन घोटूनच पक्कं होतं. इतकी वर्षं शिकवलेल्या शिक्षिकेचं मत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मराठीत भिंतीवरचा शब्द जसाच्या तसा वाक्यात बसतो कुठे? रंगपंचमीनंतर माझ्या रविवारच्या वर्गात चौथीतली एक मुलगी गेरबद्दल, म्हणजे इंदूरमध्ये त्या दिवशी निघणाऱ्या रंगांच्या मिरवणुकीबद्दल, लिहीत होती. राजवाड्यापाशी टँकरमधून उडणारे रंगाचे फवारे, काकाच्या खांद्यावरून दिसलेली गर्दी, सांगायला खूप होतं. भिंतीवर 'मिरवणूक' होतं, तिला हवं होतं 'मिरवणुकीत'. तिने वर पाहिलं, 'णू' लिहिला, अडली, पुन्हा पाहिलं. कार्डावर मूळ शब्दाखाली आम्ही प्रत्यय लागलेलं रूपही लिहितो, कारण तिथे ऊकार ऱ्हस्व होतो. तिने खोडलं, नीट केलं, पुढे गेली. आणि तीन ओळींनंतर 'फुलांचे' बरोबर लिहिलं. 'फूल' तर भिंतीवर नव्हतंच! याला उतरवणं कसं म्हणू?

आपल्या इंदूरच्या मुलांची अडचण वेगळी आहे. ती दिवसभर हिंदी वाचतात, लिपी तीच. हिंदीत 'शक्ति', 'मूर्ति' बरोबर. मराठीत 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शेवटचा इकार दीर्घ, म्हणून 'शक्ती', 'मूर्ती'. हे जरा कुठे अंगवळणी पडतं, तर 'आणि' अपवाद म्हणून ऱ्हस्व, आणि तोच शब्द दर दुसऱ्या ओळीत लागतो. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' तर त्यांच्या हिंदीच्या पुस्तकात दिसतच नाही. पुण्या-नाशिकच्या मुलाला दुकानांच्या पाट्या, एसटीच्या बस, वर्तमानपत्रं हे सगळं येता-जाता दाखवतात. आपल्या मुलांना ते कोण दाखवणार? म्हणून भिंत.

घोटण्याला माझा विरोध नाही. पण दहा वेळा लिहून घेतलेलं 'आणि' शुद्धलेखनाच्या वहीत बरोबर येतं आणि निबंधात पुन्हा 'आणी' होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. निबंध लिहिताना मुलाचं सगळं लक्ष काय सांगायचं यात असतं. त्याच क्षणी मान वर करून शब्द दिसला तर विचार तुटत नाही.

एका छापाबद्दल: आम्ही लिहायच्या आधी बोलतो, आणि विषयाचे शब्द मुलांच्या बोलण्यातूनच येतात. स्वच्छतेवर बोलताना सगळी 'गीला कचरा' म्हणाली, कारण दारात येणारी कचरागाडी तेच म्हणते. मग 'ओला' आणि 'सुका' भिंतीवर गेले. एकाने आजीच्या भाजीच्या देठांवर लिहिलं, दुसऱ्याने सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या बाजारात, पडलेल्या द्रोणांवर. शब्द तेच दोन.

एक मात्र तुमचं शंभर टक्के खरं. जूनमध्ये लावलेले आणि वर्षभर कोणी न पाहिलेले रंगीत तक्ते ही निव्वळ शोभा. आठवड्याला चार-पाचच शब्द, मोठ्या काळ्या अक्षरांत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. रोज मोठ्याने वाचायचे, न बघता लिहायचे. पक्के झालेले काढून टाकायचे.

तुमचा नातू तिसरीत आहे असं लिहिलंत. त्याच्या वहीत वारंवार लाल झालेले चार शब्द त्यालाच निवडू द्या, कार्डंही त्यालाच लिहू द्या, आणि तो जिथे लिहायला बसतो तिथेच चिकटवा. महिन्याभराने वही बघून मला जरूर कळवा. पटलं नाही तरी कळवा.