तीन फुल्या आणि तीन शब्द

गेल्या आठवड्यात मामेभाऊ अ‍ॅमस्टरडॅमला माझ्याकडे आला होता. ट्रामच्या थांब्यापाशी फुटपाथच्या कडेला लोखंडी खुंट आहेत, तपकिरी-लाल, त्यांवर एकाखाली एक तीन फुल्या. "दादा, हे त्या रेड लाइट एरियाचं ना?" तो हसत म्हणाला. येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

या फुल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या मानचिन्हावरच्या. लाल ढाल, मधे काळा उभा पट्टा, त्यावर संत अँड्र्यूचे तीन पांढरे क्रूस. आग, पूर आणि प्लेग असा त्यांचा अर्थ गाइड सांगतात, पण त्याला पुरावा नाही. वरचा मुकुट म्हणजे 1489 मध्ये हॅब्सबर्ग घराण्यातल्या राजा मॅक्सिमिलियनची झालेली मेहेरनजर. असं बड्यांनी दिलेलं तर कुठल्याही शहराकडे असतं.

माझा जीव अडकलाय तो ढालीखालच्या, तीन शब्द लिहिलेल्या पट्टीत. फेब्रुवारी 1941 मध्ये नाझींनी दोन दिवसांत चारशेहून जास्त ज्यू पुरुषांना रस्त्यांवरून उचललं. 24 तारखेला संध्याकाळी नूर्डरमार्क्ट चौकात कामगारांची सभा झाली. पुढाकार कोणाचा? रस्ते दुरुस्त करणारा विलेम क्रान आणि सफाई कामगार पीट नाक यांचा. दोघंही पालिकेचे नोकर, दोघंही कम्युनिस्ट. दुसऱ्या दिवशी ट्राम निघाल्या नाहीत, आणि ट्राम नाहीत म्हटल्यावर गोदी, कारखाने सगळंच बंद पडत गेलं. शेजाऱ्यांसाठी पुकारलेला संप! जर्मनांनी तो दोन दिवसांत गोळ्या झाडून मोडला. त्याचीच आठवण म्हणून 1947 मध्ये राणी विल्हेल्मिनाने शहराला पट्टीवरचं ब्रीद दिलं: हेल्डहाफ्टिख, फास्टबराडन, बार्महार्टिख. शूर, निश्चयी, दयाळू.

त्याच शहराच्या ट्रामनी पुढे रात्री-अपरात्री ज्यू कुटुंबांना छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांसाठी स्टेशनवर पोचवलं आणि त्या फेऱ्यांची बिलंही जर्मनांना लावली. हे वाचल्यापासून 'दयाळू' हा शब्द मला टोचतो. तरी तो पुसावा असं मला मुळीच वाटत नाही. बिलं लिहिणारे होते, तसा झाडू खाली ठेवणाराही याच पालिकेच्या पगारावर होता, आणि मानचिन्हावर नाव कोरायचंच असेल तर त्याच्या कामाचं कोरावं. मुकुटापेक्षा मला ती पट्टी मोठी वाटते.

भावाला घेऊन योनास डॅनियल मायरप्लाइनवर गेलो. तिथे गोदी कामगाराचा पुतळा आहे, बाह्या सारलेला, धिप्पाड. दर 25 फेब्रुवारीला लोक त्याच्या पायाशी फुलं ठेवतात. भाऊ बराच वेळ गप्प उभा होता. परतताना थांब्यावरच्या खुंटावरून त्याने हात फिरवला आणि विचारलं, "सफाई कामगाराचं नाव काय म्हणालास?"