कोल्हापूरच्या अंगणात किवी: फिरत्या संदेशातील दाव्यांना मुद्देसूद उत्तर

मृग जवळ आला, लोक रोपांची चौकशी करू लागले, की एक संदेश कोल्हापुरातील बागप्रेमींच्या गटांमधून पुन्हा फिरू लागतो. त्यातील मजकूर थोडक्यात असा आहे: किवी आता घरच्या अंगणात घेता येते, पन्हाळ्याची उंची हिमाचलातील किवीच्या बागांएवढीच असल्यामुळे आपल्याकडची हवा तिला मानवते, कलमी रोप घेतले तर नराची गरज राहत नाही, रोप न मिळाल्यास बाजारातील फळाच्या बिया लावाव्यात, हिवाळ्यात बुंध्याशी बर्फ टाकला की थंडीची उणीव भरून निघते, दोन वर्षांत एका वेलीला पन्नास किलो फळ लागते आणि हे सर्व गच्चीवरील मोठ्या कुंडीतही साधते.

या संदेशाला सविस्तर उत्तर देण्याचे कारण माझ्या अंगणातच उभे आहे. सहा वर्षांपूर्वी एका रोपांच्या प्रदर्शनातून मी किवीची नर-मादी जोडी विकत आणली, लोखंडी पाइपांचा मांडव घातला, त्यावर तारा ओढल्या आणि पहिली तीन वर्षे एकाही पाहुण्याला तो मांडव दाखवल्याशिवाय जाऊ दिले नाही. आजतागायत त्या वेलीवर एकही कळी आलेली नाही. विक्रेत्याने मला हवेविषयी काहीच सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. आता तेच रोप, तेच आश्वासन देऊन, माझ्या ओळखीच्या लोकांना विकले जात आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत आधी हवेचा मुद्दा घेतो, कारण बाकीचे सारे मुद्दे त्याच्या मागून येतात. किवी ही पानगळ करणारी वेल आहे. तिचे मूळ चीनमध्ये आहे आणि हिवाळ्यात पाने टाकून निजणे हा तिच्या वर्षाचा आवश्यक भाग आहे. या निजेत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जेथून नवा कोंब फुटतो त्या कळीवजा गाठींना, ठरावीक काळ थंडी मिळाली तरच वसंतात ते एकसारखे फुटतात आणि त्या नव्या फुटव्यावर कळ्या धरतात. ही थंडी साधारणतः ७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाच्या तासांमध्ये मोजली जाते. बाजारात आपल्याला दिसणारी हिरव्या गराची नेहमीची किवी बहुतेक वेळा हेवर्ड जातीची असते आणि या जातीला असे किमान ७०० तास तरी लागतात. रोज रात्री आठ तास पारा ७ अंशांखाली राहिला असे धरले, तरी ७०० तास भरायला जवळजवळ तीन महिने जावे लागतात.

कोल्हापुरात जानेवारीतील सरासरी किमान तापमान १४ ते १५ अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली, रंकाळ्यावर धुके उतरले, माणसे शेकोट्या करून बसली, तरी पारा १० अंशांच्या जवळ घुटमळतो आणि दोन-चार दिवसांत पुन्हा वर चढतो. म्हणजे किवीच्या हिशेबात आपल्या हिवाळ्याची जमा जवळपास शून्य आहे. आपल्याला हुडहुडी भरते हे खरे, परंतु आपली हुडहुडी आणि वेलीची थंडी यांचे माप एक नाही.

याचा परिणाम कसा दिसतो हे मी दरवर्षी पाहतो. डिसेंबर संपत आला तरी वेलीची पाने पूर्ण गळत नाहीत. ती जाड, पिवळट आणि कातड्यासारखी होऊन लोंबत राहतात. फेब्रुवारीत शेंड्याकडचे दोन-तीन डोळे फुटतात, तांबूस लव असलेला कोंब बाहेर येतो आणि तारेला विळखा घालत झपाट्याने पुढे जातो. त्याच काडीवरचे खालचे पंधरा-वीस डोळे मात्र तसेच बंद राहतात. नखाने टोकरले तर आत हिरवे दिसते, म्हणजे डोळा मेलेला नसतो. तो फक्त जागा होत नाही. एप्रिलमध्ये पारा ३७-३८ अंशांवर गेला आणि कोरडा वारा सुटला की तळहाताएवढ्या पानांच्या कडा करपून चुरचुरीत होतात.

पन्हाळ्याच्या उंचीचा दावा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. हिमाचलात समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरच्या पुढे किवीच्या बागा आहेत आणि पन्हाळाही साडेनऊशे मीटरच्या जवळपास आहे, हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती त्यांना एका तागडीत घालताना. हिमाचलातील किवीचा पट्टा उत्तर अक्षांश ३१ च्या आसपास आहे आणि पन्हाळा १७ च्याही खाली. उंची समान असली तरी उत्तरेकडे हिवाळ्याचा दिवस आखूड असतो, सूर्य खाली असतो आणि थंडी आठवडेच्या आठवडे मुक्काम करते. अरुणाचल प्रदेशातील झिरोचे खोरे आज किवीसाठी प्रसिद्ध आहे. ते साडेसत्तावीस अक्षांशावर असूनही तेथील बागा दीड हजार मीटरच्या वर आहेत. आपण जितके दक्षिणेला सरकतो तितकी उंची वाढवावी लागते, आणि पन्हाळ्याला किंवा आंबा घाटाला ती वाढवून देणे कोणाच्याही हातात नाही.

हा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊनही गेला आहे. भारतात किवी प्रथम लावली गेली ती बंगळूरच्या लालबागेत, १९६० मध्ये. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे आणि तेथील हिवाळा आपल्यासारखाच सौम्य आहे. लालबागेत वेली वाढल्या, परंतु पुरेशी थंडी न मिळाल्याने फळल्या नाहीत. त्यानंतर १९६३ मध्ये सिमल्याजवळ फागली येथे, आज राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे असलेल्या केंद्रात लागवड झाली आणि तेथे १९६९ मध्ये फळे आली. कोल्हापूरकराने किवीचे रोप विकत घेण्यापूर्वी एवढा इतिहास जरी वाचला तरी त्याचे पैसे वाचतील. मला तो फार उशिरा वाचायला मिळाला.

बर्फाच्या उपायाविषयी. थंडीची नोंद वेलीचे डोळे घेतात, आणि डोळे हवेत, मांडवावर पसरलेल्या काड्यांवर असतात. बुंध्याशी बर्फ टाकल्याने मातीचा वरचा थर तासाभरापुरता गार होतो, मुळांना उगाच धक्का बसतो आणि सहा फुटांवरच्या डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझा अंदाज असा आहे की हा सल्ला एका वेगळ्या गोष्टीच्या गोंधळातून आला असावा. किवीच्या बिया पेरण्यापूर्वी काही आठवडे ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवतात, त्यामुळे त्या चांगल्या उगवतात. ती बीची थंडी झाली. वेलीची थंडी दरवर्षी नव्याने आणि पूर्ण वाढलेल्या काड्यांना मिळावी लागते.

संदेशाखालच्या चर्चेत आणखी एक युक्तिवाद येतो आणि तो शेतीची जाण असलेल्या माणसांकडून येतो, म्हणून त्याला डावलता येणार नाही. सांगली-तासगावकडील द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावून डोळे एकसारखे फोडून घेतात, मग किवीला तेच का करू नये, असा हा प्रश्न आहे. किवीवरही हे औषध वापरले जाते. न्यूझीलंडमध्ये त्याचा वापर रूढ आहे. परंतु तेथे थंडी बऱ्याच अंशी मिळालेली असते आणि औषध उरलेली तूट भरून काढते, फुटवा एका वेळी आणते. जेथे जमाच शून्य आहे तेथे हे औषध हिवाळ्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय ते विषारी आहे, कातडीला इजा करते, आणि हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेतले असल्यास माणसाला गंभीर त्रास होतो. लहान मुले खेळतात त्या अंगणात ते आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नर-मादीचा मुद्दा. किवीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. आपल्याकडे हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही: पावसाळ्यात पन्हाळा-राधानगरीकडून बाजारात येणारी करटोली ज्या वेलींना लागतात त्यांच्यातही नर आणि मादी वेगवेगळे असतात, आणि नर वेल आसपास नसली तर मादीची फुले नुसती गळून पडतात, हे खेड्यातील कोणीही सांगेल. कलम केल्याने वेलीचे लिंग बदलत नाही. कलमकाडी मादीची असेल तर वेल मादी, नराची असेल तर नर. बागांमध्ये साधारण आठ-नऊ माद्यांमागे एक नर ठेवतात, आणि दोन्ही एकाच सुमारास फुलणारे असावे लागतात. हिमाचलातील सोलनजवळच्या एका बागेत एप्रिलअखेरीस मी दोन्ही फुले शेजारी शेजारी हातात घेऊन पाहिली. मादीच्या फुलात मधोमध पांढऱ्या तंतूंची चांदणी पसरलेली असते आणि तिच्याखाली लव असलेले, वाटाण्याएवढे इवलेसे फळ आधीच दिसते. तिच्याभोवती पुंकेसरही असतात, पण त्यांतील पराग निकामी असतो. नराच्या फुलात ती चांदणी नसते, फक्त पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुपका असतो. फूल येईपर्यंत मात्र पानावरून किंवा खोडावरून नर-मादी ओळखणे सामान्य माणसाला शक्य नाही, आणि म्हणूनच या रोपांच्या विक्रीत फसवणुकीला इतका वाव आहे.

जेनी नावाची स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी, जात अस्तित्वात आहे आणि मादी वेलीवर नराची एक फांदी कलम करून एकाच वेलीवर काम भागवता येते, हे मान्य केले पाहिजे. संदेशातील दावा मात्र सरसकट सर्व कलमी रोपांविषयी आहे आणि तो चूक आहे. जेनीलाही थंडी लागतेच.

बियांविषयीचा दावा न्यूझीलंडच्या इतिहासाशी ताडून पाहावा. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने चीनमधून किवीच्या बिया वांगानुई येथे आणल्या आणि त्यांपासून वाढलेल्या वेलींना १९१० मध्ये पहिली फळे आली. म्हणजे मानवणाऱ्या हवेत, जाणत्या माणसांच्या हाताखालीही बियांपासून फळाला सहा वर्षे गेली. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि जी मादी निघेल तिचे फळ आपण खाल्लेल्या फळासारखे असेलच असे नाही. हेवर्ड जातही ऑकलंडच्या हेवर्ड राइट यांनी अशाच बियांच्या रोपांतून निवडून काढली. पुढे ती कलमांनीच पसरली. मुलांना उगवण दाखवण्यासाठी बिया जरूर पेराव्यात. फळासाठी नाही.

पन्नास किलोंचा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो मांडवावर चढलेल्या, पूर्ण वयाच्या, थंड प्रदेशातील वेलीचा आहे. अशा वेलीला चार-पाच मीटर जागा लागते आणि भर उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी. गच्चीवरच्या कुंडीत यांतले काहीच बसत नाही. त्यातच किवीला किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन हवी. पंचगंगेकाठची काळी जमीन चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी आहे, आणि किवीची मुळे साचलेल्या पाण्यात लवकर कुजतात. पन्हाळा-आजऱ्याकडची तांबडी जमीन या बाबतीत बरी.

आणखी एक दावा संदेशात नाही, पण तो पुढे पाठवणारे जोडतात: महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी होते, काही जिल्ह्यांत सफरचंद होऊ लागले, मग किवी का नाही? स्ट्रॉबेरी आपल्याकडे दरवर्षी नव्याने लावतात आणि सौम्य हिवाळ्यात ती फुलते. पानगळीच्या निजेशी आपल्या हंगामाचा संबंध नाही. सफरचंदात ॲना किंवा हिमाचलच्या हरिमान शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९ यांसारख्या कमी थंडीच्या जाती मिळाल्या म्हणून ती उष्ण भागात लागू लागली. किवीतही पिवळ्या गराच्या काही जाती हिरव्यापेक्षा कमी थंडीत भागवतात, तरीही त्यांना लागणारी थंडी कोल्हापूरच्या हिवाळ्यात भरत नाही. शिवाय येथे गाड्यांवर ‘गोल्डन किवी’ म्हणून जे रोप विकले जाते त्याची जात पटवून देणारा कोणताही पुरावा विक्रेता देत नाही.

तेव्हा रोप निवडायचेच असेल तर विक्रेत्याला आधी जात विचारावी, मग तिला किती तास थंडी लागते ते विचारावे, आणि त्यानंतरच नर-मादी आणि कलम यांकडे वळावे. ज्याला तासांचा प्रश्नच कळत नाही त्याच्याकडून रोप घेऊ नये. हिमाचलात, उत्तराखंडात किंवा ईशान्येत नातेवाईक असतील आणि रोप त्यांच्यासाठी घ्यायचे असेल, तर जातीचे नाव आणि लिंग लिहिलेले, कलमाचा सांधा स्वच्छ जुळलेला आणि मुळे पिशवीत गुंडाळी करून न बसलेले रोप सरकारी किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावे.

येथे अंगणात मांडव असेल तर त्यावर कृष्णफळाची (पॅशन फ्रूटची) वेल चढवता येते. जांभळ्या सालीच्या जातीला दुसऱ्या वेलीची गरज नसते आणि ती आपल्या हवेत बाराही महिने हिरवी राहते. किवीमागे लोक धावतात ते बव्हंशी क जीवनसत्त्वासाठी. १०० ग्रॅम किवीत ते सुमारे ९० मिलिग्रॅम असते आणि तेवढ्याच पेरूत २०० च्या वर. पेरूचे कलम कोल्हापुरात कोणत्याही परड्यात लागते.

माझी नराची वेल मी गेल्या जूनमध्ये काढली. मादी अजून आहे, कारण तिची सावली दुपारी ओट्यावर पडते आणि आईला तिथे बसून शेंगा सोलायला आवडते. कोणी विचारले तर मी ती सावलीची वेल म्हणूनच सांगतो. तारेच्या दुसऱ्या टोकाने कृष्णफळ चढत आले आहे आणि या श्रावणात त्याला पहिली अकरा फळे लागली.