इंग्रजी शब्दांचे खोटे ‘फुल फॉर्म’

रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द म्हणजे मुळात आद्याक्षरांची लघुरूपे आहेत, असे सांगणारी एक यादी गेली अनेक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. ईट म्हणजे एनर्जी अँड टेस्ट, असे बरेच दाखले तिच्यात असतात आणि मुलांच्या ज्ञानात भर पडावी म्हणून ती पुढे पाठवण्याचा आग्रहही असतो. आजवर मी ती न वाचता पुसून टाकत आले. आता मात्र तिने माझ्या आत्याच्या औषधोपचारात ढवळाढवळ केली आहे, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

सर्वांत घातक दाखला कोल्डचा आहे. आत्याचे सारे आयुष्य चुलीपुढे गेले. विडी-तंबाखूला तिने कधी हात लावला नाही, तरी धुराने तिच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून करायची तपासणी, झाल्यावर डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, निदान केले. त्यातल्या पल्मनरी या शब्दाच्या जागी लंग घातला, तरी आजार तोच राहतो. यादी वाचून आत्याने असा निष्कर्ष काढला, की डॉक्टर ज्याला एवढे मोठे नाव देतात ती इंग्रजीतली साधी सर्दीच आहे, आणि तिने रोजचा पंप बंद केला. सर्दी विषाणूंमुळे होते, मुख्यतः नाक आणि घसा यांपुरती राहते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. सीओपीडीत श्वासनलिकांची आणि फुप्फुसातल्या वायुकोशांची झालेली हानी भरून येत नाही. औषधाने दम लागणे कमी होते आणि आजार वारंवार उफाळत नाही, म्हणूनच बरे वाटत असतानाही ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेत राहावे लागते. ज्याने हा दाखला रचला त्याला यातले काही ठाऊक नसेल, पण पुढे पाठवणाऱ्या सुशिक्षित माणसांनी तरी क्षणभर थांबायला हवे होते.

क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज ही संज्ञा वैद्यकात आहे, एवढे मान्य करावे लागेल. या रोगाच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करणाऱ्या ‘गोल्ड’ या जागतिक उपक्रमाच्या नावातही ती आहे. परंतु ही संज्ञा २०व्या शतकातली, तर कोल्ड हा शब्द प्राचीन इंग्रजीपासून थंड या अर्थाने चालत आलेला आहे. जर्मनमधला ‘काल्ट’ हा त्याचाच भाऊबंद. गारठ्याने नाक वाहते अशा समजुतीतून १६व्या शतकात तोच शब्द सर्दीलाही लागला.

यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी उघडून पाहावी. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये या कोशाच्या कामाला चालना दिली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या काळात, कोणत्या लिखाणात आला, हे त्यात मूळ अवतरणांसह कालक्रमाने दिलेले असते, त्यामुळे तर्काला फारशी जागा उरत नाही. आद्याक्षरे जुळवून शब्द बनवण्याची रीत २०व्या शतकात रुळली. अशा शब्दांना उद्देशून वापरला जाणारा ‘ॲक्रोनिम’ हा शब्दच इंग्रजीत १९४०च्या दशकात स्थिरावला. रडार आणि लेझर हे खरोखर असे बनले, परंतु ती यंत्रेही त्याच काळातली आहेत.

न्यूजचे उत्तर छोटे आहे. न्यू, म्हणजे नवे, याचे ते अनेकवचन. फ्रेंचमधले ‘नुव्हेल’ असेच बनले आहे. जुन्या लिखाणात या शब्दात डब्ल्यूनंतर आणखी एक ई आढळतो, आणि चार दिशांत त्या ईचा हिशेब लागत नाही. चार दिशांची कल्पना १७व्या शतकातल्या एका इंग्रजी पद्यात आहे, पण तिथे ती केवळ शब्दखेळ म्हणून येते.

चेसच्या दाखल्याचा मला अधिक राग येतो, कारण त्यात खऱ्याला खोटे जोडले आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चतुरंग सेनेची चार अंगे, आणि त्यांवरूनच आपल्या खेळाला चतुरंग हे नाव मिळाले, हे खरेच आहे. ते नाव इराणात ‘चत्रंग’ आणि अरबीत ‘शतरंज’ झाले, आणि गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांच्या भाषेत या खेळाचे ‘शद्रेश’ हे नाव त्यातूनच उतरले. इंग्रजी चेस मात्र दुसऱ्या वाटेने आला. फारसी ‘शाह’, म्हणजे राजा, हा शब्द अरबी, लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून जात इंग्रजीत ‘चेक’ झाला आणि त्याच्या जुन्या फ्रेंच अनेकवचनातून चेस हे नाव तयार झाले. आपण पटावर ‘शह’ देतो तो हाच शब्द. ज्या राजाच्या नावाने हा शब्द घडला, त्या राजाचाच यादीतल्या चार नावांत पत्ता नाही.

उरलेल्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ईट आणि संस्कृतातला ‘अद्’ धातू एकाच मूळ धातूपासून आले आहेत, आपला ‘अन्न’ शब्दही ‘अद्’पासूनच बनला; संस्कृतात जिथे द, तिथे इंग्रजीत ट, हा बदल द्वि-टू, दश-टेन या जोड्यांतही दिसतो. स्माइल आणि आपले ‘स्मित’ यांचेही नाते असेच आहे. पेन हा पीस या अर्थाच्या लॅटिन ‘पेन्ना’वरून आला, कारण लोक पिसाने लिहीत असत. टी हा चीनच्या फूज्यान किनाऱ्यावरच्या बोलीतला शब्द डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात पोहोचला.

बायचा अर्थ यादीत ‘बी विथ यू एव्हरीटाइम’ असा दिला आहे. त्यातले ‘बी विथ यू’ तेवढे खऱ्याच्या जवळ जाते, कारण गुडबाय हे ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुमच्या सोबत असो, या निरोपाचे आक्रसलेले रूप आहे आणि बाय हा त्याचा उरलेला शेवट. यादी करणाऱ्याने त्यातला देव काढून टाकला आणि ईसाठी एव्हरीटाइम पदरचा घातला.