ओल भिंतीत होती आणि दुखणे माझ्या भावाच्या छातीत

आज दवाखान्यात माझ्या आधी एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसल्या होत्या. त्याच्या छातीतली घरघर बाकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होती. डॉक्टरांनी पंप लिहून दिला आणि घरात ओल आहे का, असे विचारले. "आहे," बाई म्हणाल्या, "पण घर भाड्याचे आहे."

त्या 'पण'चा अर्थ मला ठाऊक आहे. माझ्या धाकट्या भावाची खाट ज्या भिंतीला लागून होती, तिच्यावर काळी बुरशी धरायची. आई दर रविवारी ती फडक्याने पुसायची आणि बुधवारपर्यंत डाग पुन्हा उमटायचा. घरमालकांना सांगू या म्हटले की बाबा विचारायचे, "खोली सोडा म्हणाले तर कुठे जायचे?" आम्ही गप्प राहायचो आणि भाऊ रात्ररात्र उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. अमुक इतकी बुरशी चालेल, अशी मर्यादा त्यांत घातलेलीच नाही. मुळात ओल राहूच देऊ नये, असे सांगितले आहे. आमच्या भिंतीवर मात्र एकदाच काय तो रंगाचा हात फिरला. पाणी कुठून झिरपते, हे कोणी पाहिले नाही आणि महिन्याभरात पोपडे सुटले. याला दुरुस्ती म्हणायचे? वर "खिडक्या उघड्या ठेवत जा" हे आईलाच ऐकून घ्यावे लागले, याचा मला आजही संताप येतो.

घरमालकांच्या डोक्यावरही कर्ज असते आणि भिंत फोडून गळती काढणे खर्चाचे असते, हे मान्य. पण तो खर्च वाचतो, तेव्हा तो कोणाच्या तरी औषधांत जातोच.

शेवटी ते घर सोडावे लागलेच. नंतरच्या चार वर्षांत आम्ही तीन घरे बदलली. दर वेळी नवा डॉक्टर, नवा केसपेपर, आणि दमा केव्हापासून आहे, हे आईने पहिल्यापासून सांगायचे. करार संपत आला की बाबांची झोप उडायची. ते अंधारात खुर्चीवर बसून असायचे आणि पलीकडे भाऊ खोकत असायचा. त्या दोघांपैकी आजारी फक्त भाऊच होता, असे मला आता वाटत नाही.

त्या बाईंना हे सगळे सांगावेसे वाटले, पण धीर झाला नाही. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि औषधे देणाऱ्या मुलाला विचारले, "हा पंप किती दिवस पुरेल?"